मागे फोकस करणारी लेन्स

“मागे फोकस करते ही,” असं म्हणून यांनी लेन्स काउंटरवर ठेवली. ठेवली कसली, आपटलीच जवळजवळ.

अंबादासनं वाद घातला नाही. त्यानं लेन्स उचलली, दोन्हीकडची झाकणं काढली आणि मोबाइलच्या बॅटरीच्या उजेडात आतून निरखून पाहिली. जुन्या लेन्सच्या काचेला आतून बुरशी धरते आणि ती अशी बघायची असते, एवढं ज्ञान मला त्या दुकानात बसून बसून झालं होतं. बुरशी नव्हती. ओरखडाही नव्हता. कानाशी नेऊन हलवली तर आत काही सुटलेलं वाजतही नव्हतं.

“फोटो दाखवता का काका?”

यांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो आणला. माळ होता, माळावर धाविक पक्षी उभा होता, आणि तो धाविक पाय पडून पुसलेल्या रांगोळीसारखा दिसत होता. त्याच्या मागचं वाळलेलं गवत मात्र काडी न् काडी वेगळी दिसावी इतकं स्वच्छ आलं होतं. पुढचा फोटो तसाच. त्याच्या पुढचाही तसाच.

“पक्ष्यावर थांबायचं सोडून मागं जाऊन थांबते,” हे म्हणाले. “आधीची तीनशे एमएमची असंच करायची म्हणून तुला परत दिली. आता चारशेचीपण तेच. आणतोस कुठून असला माल?”

माझी मान खाली गेली. अंबादास येमूल आमच्या लेकीच्या वयाचा. पूर्वी लग्नाचे फोटो काढायचा, आता सोलापुरात नवी पेठेतल्या एका जिन्याखाली जुने कॅमेरे आणि लेन्सा विकायचा. यांना काका म्हणायचा, मला काकू. आम्ही गेलो की आधी चहा सांगायचा आणि मग यांची बोलणी खायचा.

हे पाटबंधारे खात्यात आरेखक होते. धरणांचे, कालव्यांचे नकाशे हातानं काढायचे. शाईची रेघ अशी मारायचे, की नवे साहेब पट्टी कुठे ठेवलीत म्हणून विचारायचे. मग खात्यात कॉम्प्युटर आले आणि यांचा हात रिकामा पडला. नोकरीची शेवटची वर्षं मशिनमधून आलेले नकाशे गुंडाळून कपाटात रचण्यात गेली. तोंड पाडून घरी यायचे, आणि त्या तोंडासमोर बसून मला घास गोड लागत नसे. निवृत्त झाल्यावर कुणाच्या तरी नादानं कॅमेरा घेतला आणि माणूसच बदलला. उजाडायच्या आत स्कूटर काढून माळावर जायचे, उन्हं चढली की लालबुंद होऊन यायचे, आणि मी भाकरी थापत असले तरी ओढून नेऊन चंडोल दाखवायचे. मला सगळे चंडोल सारखेच दिसायचे. मी म्हणायची, लेकीच्या लग्नातसुद्धा तुम्ही इतके नाचला नाहीत. पण मनातून मी खूश होते. यांच्या हाताला पुन्हा काम मिळालं होतं.

त्यातही जीव सगळा धाविकावर. हा आमच्या माळाचा पक्षी, टिटवीपेक्षा थोडा लहान, विटकरी अंगाचा, लांब पायांचा. चार पावलं पळतो, थबकतो, मान उंच करून बघतो, पुन्हा पळतो. माणसाला जवळ फिरकू देत नाही, म्हणून लांबून टिपायला मोठी लेन्स लागते. आणि नवी मोठी लेन्स घ्यायची तर आमच्यासारख्यांनी घरच विकायला काढावं. म्हणून मग जुनी, खिशाला झेपणारी, पसंत नाही पडली तर बदलून मिळणारी, असं करत आम्ही अंबादासच्या पायऱ्या झिजवत होतो.

घाई होती ती वेगळ्याच कारणानं. विजापूर रोडच्या पुढचा तो माळ विकला गेला होता. चुना लावलेले प्लॉटचे दगड रोवायला सुरुवात झाली होती. पुढच्या उन्हाळ्यात तिथे बंगले असतील, धाविक नसेल, हे कुणी सांगायची गरज नव्हती. त्याआधी यांना एक फोटो हवा होता. एकच, पण डोळ्यावर फोकस असलेला. डोळा स्पष्ट आला तर पक्षी जिवंत वाटतो, नाहीतर नुसतं पिसांचं बोचकं, असं हे म्हणायचे. एवढं एक झालं की कॅमेरा ठेवून दिला तरी चालेल, असंही म्हणायचे. ते खोटं होतं. कॅमेरा ठेवला असता तर मागे काय उरलं असतं, हे मी आधी बघितलेलं होतं.

अंबादासनं तांदळाची पिशवी काउंटरवर ठेवली, तिच्यावर लेन्स टेकवली आणि समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढला. तारखेखालची मुंगीएवढी तिथी वाचता येत होती.

“कॅलेंडर पळत नाही,” हे म्हणाले.

“नाही पळत,” अंबादास म्हणाला. मग त्यानं वरच्या फळीवरून एक जाडजूड लेन्स काढली. तिचं नाव दीडशे-सहाशे. कॅमेऱ्याच्या कंपनीची नाही, दुसऱ्याच एका कंपनीची, म्हणून परवडते, असं त्यानं समजावलं. तिच्या पोचेची कंपनीची लेन्स घ्यायला आमदार व्हावं लागतं म्हणाला. “वजन आहे काका हिला. पण हिच्यात हात सावरायची सोय आहे. जरा हात हलला तरी...”

“हाताला काय झालंय माझ्या?”

मी काचेच्या कपाटातले पट्टे बघायला लागले.

“तसं नाही हो काका. सगळ्यांनाच लागते ती सोय आता.”

यांनी लेन्स कॅमेऱ्याला लावली आणि समोरच्या इमारतीच्या कठड्यावर पारवे बसले होते त्यांच्यावर बघतो म्हणून बाहेर गेले. अंबादास चारशेची लेन्स फडक्यानं पुसत राहिला. पुसून झाली तरी पुसत होता.

“काकू, एक बोलू का? मनाला लावून घेऊ नका.”

“बोल की.”

“लेन्स चांगली आहे. ही पण आणि आधीची पण. आधीची मी एका गिऱ्हाइकाला दिली, तो खूश आहे.” त्यानं आवाज आणखी खाली आणला. “कॅमेऱ्यात एक चौकोन असतोय. तो पक्ष्यावर धरून ठेवावा लागतोय. काकांच्या हातून तो सुटायलाय. पक्ष्यावरनं घसरून मागच्या गवतावर जायलाय. मग लेन्स तरी काय करणार? चौकोन जिथं, फोकस तिथं.”

मी दाराबाहेर पाहिलं. हे रस्त्याच्या कडेला पाय रोवून उभे होते, कॅमेरा डोळ्याला. आणि त्या लांब लेन्सचं पुढचं तोंड हवेत बारीक बारीक हलत होतं. थांबतच नव्हतं.

संक्रांतीपासून दाढी करताना यांना कापत होतं, तेव्हा मी ब्लेडला नावं ठेवली होती. चहा कपातून बशीत ओतायचं यांनी सोडलं, तेव्हा मला वाटलं, चला, आता तरी माणसासारखा चहा पितात. शर्टाची वरची गुंडी लावायची राहते, तर उकडतंय म्हणून. एकेका गोष्टीला मी एकेक कारण चिकटवत गेले होते आणि हे एकेका लेन्सला. आम्ही दोघं एका माळेचे मणी.

“तुम्ही सांगा त्यांना,” अंबादास म्हणाला. “मी सांगितलं तर वाटेल, हा माल गळ्यात मारायला बोलायलाय.”

तेवढ्यात हे आत आले. चेहरा उजळला होता. ही बरी वाटते म्हणाले, हिला चार दिवस वापरून बघतो. पारवे कठड्यावर गप्प बसले होते, त्यांतला एखादा फोटो बरा आला असावा.

मी सांगितलं नाही. सांगायचं म्हणून अनेकदा तोंड उघडलं. एकदा म्हटलं, तुमची मान दुखते ना, डॉक्टरांना दाखवून येऊ. हे हसले, म्हणाले, एवढी लेन्स उचलतो, मान दुखणारच. एकदा म्हटलं, तिपाई घ्या ना एखादी, लोक कॅमेऱ्याखाली लावतात. तर म्हणाले, धाविक काय तिपाई उघडेपर्यंत हात बांधून उभा राहणार आहे? मग माझं धाडस संपलं. ज्या माणसानं आयुष्यभर हाताच्या जोरावर मान मिळवला, त्याला त्याचा हात गेला म्हणून कसं सांगतात, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

पहिले दोन-तीन दिवस हे शीळ घालत गेले. नंतर शीळ थांबली. स्कूटर स्टँडवर लावायच्या आवाजावरून मला कळायला लागलं, आजही तेच. ज्या फोटोंपासून मी पळत होते ते मी आता आपणहून मागायला लागले, आणि हे दाखवेनात. काही नाही मिळालं म्हणायचे. एकदा अंघोळीला गेले तेव्हा मी चोरून कॅमेरा उघडून बघितला. सगळीकडे गवत. सुंदर, स्वच्छ, काडी न् काडी दिसणारं गवत आणि त्याच्या पुढे पुसलेली रांगोळी. मी तिथेच खाली बसले आणि तोंडात पदर घालून रडले.

मग एके दिवशी जेवताना म्हणाले, “उद्या तू चल माझ्याबरोबर.”

“मी? मी काय करू तिथं?”

“एक फोटो काढ. सगळं मी लावून देतो, तू नुसतं बटण दाब. तुझ्या हातूनही असाच आला, म्हणजे अंबादासला दाखवता येईल. त्याला वाटतं, मला वापरता येत नाही.”

मी हो म्हणाले. नाही म्हणायला कारण नव्हतं.

निघताना शेंगाचटणी आणि भाकरी बांधता बांधता मी मनाशी पक्कं ठरवलं. फोटो बिघडवायचा. मुद्दाम हात हलवायचा. लेन्सचा दोष आहे असं यांना वाटू दे. ही परत करतील, चौथी आणतील, तीही परत करतील. अंबादास शिव्या खाईल, तर खाऊ दे, मी त्याला नंतर हात जोडीन. तोवर माळावर जेसीबी येतील, धाविक उडून जातील आणि हे म्हणतील, चांगली लेन्स मिळेपर्यंत पक्षीच गेले. पक्षी गेले असं म्हणत म्हातारं होता येतं. हात गेला असं म्हणत नाही येत.

माळावर पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. प्लॉटचे पांढरे दगड ओळीनं उभे होते. दगडांच्या एका ढिगाऱ्याच्या आडोशाला आम्ही बसलो. यांनी कॅमेऱ्याचा पट्टा माझ्या गळ्यात घातला. काहीतरी चक्रं फिरवली, एक बटण लावायला दोनतीनदा अंगठा घसरला, ते मी बघितलं नाही असं दाखवलं. मग समजावून सांगितलं. कोपरं गुडघ्यांवर टेकव. मधला चौकोन त्याच्या डोळ्यावर ठेव. बटण अर्धं दाब, बारीक आवाज येईल, मग पूर्ण दाब. श्वास सोडून दाब. नव्या पोरांना नकाशा शिकवताना हे असेच बोलत असतील. आवाजात इतकी माया होती, की मला कॅमेरा फेकून द्यावासा वाटला.

“जड आहे हो,” मी म्हटलं.

“थांब, मी खालून धरतो.”

यांनी लेन्सच्या खाली हात दिला. माझा डोळा कॅमेऱ्याला होता. त्याबरोबर माझ्यासमोरचा अख्खा माळ थरथरायला लागला. गवत, दगड, पलीकडची बाभूळ, सगळं. चौकोन कुठेच थांबेना. रोज पहाटे येऊन हे हेच बघत होते, आणि कुणाला बोलले नव्हते.

थोड्या वेळानं त्यांनी हात काढून घेतला. माळ जागच्या जागी उभा राहिला.

“तूच धर,” म्हणाले.

धाविक कुठून आला मला कळलं नाही. यांनीच कानाशी सांगितलं, तिसऱ्या दगडाच्या उजवीकडे बघ. मी लेन्स वळवली आणि तो दिसला. इतकी वर्षं मी त्याचं नाव ऐकत होते आणि ‘असेल एक पाखरू’ म्हणून सोडून देत होते. त्याच्या डोक्यावर तांबूस टोपी होती. डोळ्यावरून एक पांढरी भुवई निघून थेट मानेमागे गेली होती आणि तिच्याखालून काजळाची रेघ, हे नकाशावर मारायचे तशी सरळ. तो चार पावलं पळाला, थबकला, मान उंच केली आणि माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यात सूर्याचा एक ठिपका होता.

मी ठरवलेलं सगळं विसरले. हात हलवायचा आहे, फोटो बिघडवायचा आहे, काहीच आठवलं नाही. मला फक्त तो डोळा दिसत होता आणि तो सुटू नये एवढंच वाटत होतं. श्वास आपोआप सुटला आणि बटण दाबलं गेलं.

“अहो, बघा तरी! किती सुंदर आलाय!” मी म्हणाले. लहान पोरीसारखी म्हणाले. आणि म्हणून झाल्यावर मला आठवलं, मी इथे कशाला आले होते.

यांनी कॅमेरा माझ्या गळ्यातून काढून घेतला. पडद्यावर हाताची सावली धरली. मग फोटो मोठा करत गेले, आधी पक्षी, मग डोकं, मग नुसता डोळा. बराच वेळ बघत बसले. मागचं गवत पुसट झालं होतं, धुक्यासारखं. पांढऱ्या भुवईचं पीस न् पीस दिसत होतं.

“डोळ्यावर आहे,” हे म्हणाले.

“चुकून आला असेल.”

“चुकून नाही येत.” मग मान न उचलता म्हणाले, “पहिलाच ना तुझा? चांगला काढलास.”

मला यांचा हात धरायचा होता, पण हात धरला असता तर तो कसा हलतो ते माझ्या हाताला कळलं असतं आणि मला कळलं हे त्यांना कळलं असतं. म्हणून मी नुसतीच बसले. आयुष्यात इतकं असहाय मला कधी वाटलं नाही. रोगाचं नाव पुढे कळलं, डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, आता तर याला कितीतरी वर्षं उलटून गेली. पण आमच्या घरी तो रोग आला तो त्या दिवशी, त्या दगडांच्या ढिगाऱ्याआड, आणि तो मी दाखवला, कौतुकानं.

“अंबादासला फोन लावून दे,” हे म्हणाले.

मी लावून दिला. यांनी फोन दोन्ही हातांनी कानाला धरला.

“अंबादास, मी बोलतोय. लेन्स ठेवून घेतो. नाही, दोष नाही काही. मागे फोकस करत नाही.” पलीकडून तो काहीतरी बोलला असावा. हे ऐकत राहिले, मग म्हणाले, “आधीच्या दोन्हीपण चांगल्याच असणार. मी तुला उगाच बोललो.”

फोन माझ्याकडे दिला आणि उठून स्कूटरकडे गेले. फोनमधून अंबादास विचारत होता, काकू, तुम्ही सांगितलंत का त्यांना? काय सांगू? मी फोन बंद केला. धाविक अजून तिथेच होता. चार पावलं पळत होता, थांबत होता. यांनी वळून पाहिलं नाही.

स्कूटरला किल्ली लावली आणि पुन्हा काढून खिशात टाकली.

“चालत जाऊ,” म्हणाले.

“एवढ्या लांब? का?”

“तू मागं बसतेस.”

स्टँड काढून स्कूटर ढकलायला लागले. कॅमेरा माझ्या खांद्याला होता, मी मागून हात लावला. ऊन चढत गेलं. माळ संपला, डांबरी सडक लागली, मग पहिली सोसायटी आली. गेटवर दूधवाला बंडाप्पा उभा होता. आमच्या गल्लीत तोच रतीब घालायचा. त्यानं लांबूनच विचारलं, “काय काका, पेट्रोल संपलं का?”

हे थांबले. स्कूटरची मूठ घट्ट धरून उभे राहिले.

“हो,” म्हणाले, “संपलं.”